गेट त्याचं

१

आमच्याकडे एक नियम आहे, तो शेंबडं पोरही जाणतं. ज्याच्या हातात स्टीअरिंग नाही, गेट त्याचं. मेंढ्यांचे फार्म अवाढव्य, रस्ता त्यांच्या पोटातूनच जातो, त्यामुळे वाटेत गेटं येणारच. गाडी थांबली की शेजारच्याने उतरायचं, साखळी सोडायची, गाडी पलीकडे गेली की गेट लावायचं आणि परत येऊन बसायचं. शेजारी बिशप बसलेले असले तरी उतरायचं त्यांनीच. आणि गेट उघडं टाकून पुढे जाणाऱ्याला आमच्या रेहोबोथ गावात कुणी चहासुद्धा विचारत नाही.

तीस वर्षं गाडी माझ्या नवऱ्याने, इसाकने चालवली आणि गेटं मी उघडली. मग साखरेने त्याचे डोळे खाल्ले. राजधानीतल्या, विंटहुकच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षभरात उजेड आणि सावली एवढंच राहील. बाहेर येऊन आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मी एकटी बोलत होते. मी घाबरले की माझ्या तोंडाचा पट्टा सुटतो. मला मध्येच तोडून इसाक म्हणाला, "ड्रीना, मला समुद्र बघायचाय. आहेत तेवढ्या डोळ्यांनी."

तरुणपणी तो समुद्रकाठी, ल्युडेरिट्झला मासळीच्या कारखान्यात होता. मी समुद्र कधी पाहिलाच नव्हता.

"बघू की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं."

पण इसाकला परक्या खाटेवर झोप येत नाही. म्हणून ठरलं, की बाभळीखाली उभी असलेली आमची जुनी फोर-बाय-फोर आतून रिकामी करायची आणि तिच्यातच झोपायची सोय करायची. गाडी मी चालवणार. गेटं अर्थातच त्याची.

२

सगळं काम त्याने हातांनी केलं. म्हणजे हातांनी सगळेच करतात, पण इसाकने बोटांनी बघून केलं. मागच्या सीटा काढल्या. प्लायवूडच्या फळ्या मी कापायची, कडा तो चाचपायचा आणि म्हणायचा, "डावीकडे केसभर जास्त आहे." असायचीच. पलंगाखाली दोन लांब खण बसवले, चाकाच्या कोनाड्यात पाण्याचे कॅन, छताला आतून राखाडी गालिचा चिकटवला. पुढच्या सीटांमागे प्लायचं उभं कपाट केलं, त्यात शेगडी, कपबश्या, डबे. त्यामुळे पुढे बसलं की मागचं काही दिसेना. मागच्या दाराला आतून ओढायला मी जुन्या कमरपट्ट्याची कडी शिवून लावली.

पलंगाची लांबी इसाकच्या मापाची. तो ओसरीवर उताणा झोपला आणि मी खडूने रेघ मारली, वर एक वीत सोडली.

"शवपेटीवाला पण असंच माप घेतो," आमचा जावई एल्रॉय म्हणाला.

"तुझं घ्यायचं म्हटलं तर त्याला दोन खडू लागतील," मी म्हटलं. एल्रॉय आडवा वाढलेला आहे, आणि मनाला लावून घेत नाही.

स्पंजची गादी नवी आणली होती. आम्ही कुणीच तिच्यावर झोपलो नव्हतो, कारण गोंदाचा वास जायचा होता. चार दिवसांनी मी मागचं दार उघडलं, तर गादीला खड्डा पडलेला. माणूस झोपून उठल्यावर पडतो तसा. डोक्याकडे खोल, कमरेशी खोल, आणि टाचांचे दोन खळगे अगदी टोकाच्या फळीला टेकलेले. म्हणजे ती सोडलेली वीतसुद्धा भरून काढलेली.

मी एल्रॉयला धरलं. "दुपारच्या झोपा इथे काढतोस होय?"

"मा, मी झोपलो असतो तर खड्डा रुंद पडला असता. लांब कसा पडेल?"

बरोबर होतं ते. मग मी म्हटलं, स्पंज हलका आहे, उन्हाने बसला असेल. ऊन काय वाटेल ते करतं. मी गादी उलटी केली आणि विषय मिटवला. पण चादर अंथरताना अजून एक दिसलं. उशीच्या बरोबर वर, छताचा गालिचा बोटाच्या पेराएवढ्या जागेत घासला गेला होता. तिथली लोकर पार निघून गेली होती. इसाकने गोंद लावताना रगडलं असेल, असं मी म्हटलं, आणि त्याला विचारलं नाही.

३

गाडी तयार झाली, पण आवाज करत होती. आत फर्निचर केलं की ते होतंच. आमचे रस्ते मातीचे, आणि त्यांच्यावर पन्हाळीच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा असतात. शेकडो मैल त्या लाटांवरून जाताना एखादा स्क्रू टकटकत राहिला तर समुद्र येईपर्यंत माणूस वेडा होतो.

आवाज शोधायची आमच्याकडची रीत ठरलेली आहे. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे आडवं पडून फळ्यांना, पत्र्याला कान लावायचा. इंजिनच्या गोंगाटात हाक ऐकू येत नाही, म्हणून मागच्याने पत्र्यावर ठोके द्यायचे. एक ठोका म्हणजे थांब, सापडलं. दोन ठोके म्हणजे चल. इसाकच्या कानांचा तर गावात दबदबा होता. फार्मवर गेलो की तो कुंपणाच्या तारेला कान लावून सांगायचा, "पुढच्या गेटवर कुणीतरी साखळी सोडतंय." आणि खरंच अर्ध्या तासाने समोरून धूळ दिसायची. डोळे जायला लागल्यावर तो म्हणायचा, "कान आहेत तोवर माझं काही अडत नाही."

ठोके तो लग्नाच्या अंगठीने द्यायचा. पत्र्यावर टण्ण असा स्वच्छ आवाज. दुसऱ्या कुणाचा वाटूच शकत नाही असा.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी आम्ही त्याचा चुलतभाऊ बेन याच्या फार्मच्या रस्त्याला निघालो. पावसाआधीचं ऊन, झाडावर पाखरू नाही. इसाक मागे आडवा, मी पुढे. टण्ण. थांबले. खणाची कडी होती, तिला जाड लोकरी कापडाचा तुकडा लावला. टण्ण टण्ण. निघाले. टण्ण. शेगडीचा पाय. टण्ण टण्ण. अशी आमची मजा चालली होती. मला तर वाटलं, आता कपबशीसुद्धा किणकिणणार नाही.

"अजून एक आहे," पाणी प्यायला थांबलो तेव्हा इसाक म्हणाला.

"कुठे?"

"तेच कळत नाही. गाडी थांबली की वाजतंय."

"पत्रा गार होताना वाजतो."

"या उन्हात गार कुठे होतोय," तो म्हणाला, आणि परत मागे जाऊन पडला.

४

बेनचं पहिलं गेट आलं. मी थांबले. मागचं दार उघडल्याचा आवाज आला, मग इसाक गाडीला हात लावत लावत पुढे आला. नीट दिसत नसलं तरी गेटांवरचा हक्क त्याने सोडला नव्हता. गेटच्या पाइपावरून तळवा सरकवत त्याने साखळी शोधली, सोडली, आणि गेट रुंद उघडून धरलं. मी खिडकीतून म्हटलं, "आभारी आहे, साहेब." त्याने टोपी काढल्यासारखं केलं. टोपी डोक्यावर नव्हतीच, ती मागे गादीवर राहिली होती.

मी गाडी पलीकडे घेतली आणि थांबले. धूळ मागून पुढे आली. मग मागचं दार लागलं, आणि दोन ठोके पडले.

मी निघाले.

ठोके जरा बोदे वाटले, नेहमीसारखे टण्ण नाहीत. मनात म्हटलं, गालिच्यावर मारत असेल.

पुढचं गेट लांब आहे, दुपार खाणारा रस्ता. मी बोलत होते. मला गाडीत गप्प बसता येत नाही, आणि इसाकचे कान कपाटाआडूनही माझं ऐकतात. मी एल्रॉयच्या पोटाबद्दल बोलले. समुद्राला वास कसला येतो ते विचारलं आणि माझं मीच उत्तर दिलं. मग म्हटलं, "इसाक, ऐकतोस ना?"

दोन ठोके.

"बरं वाटतंय ना मागे?"

दोन ठोके.

तोंडासमोर तोंड नसलं की माणूस जास्त बोलतो. मी म्हटलं, "तुला एक सांगू? समुद्र बिमुद्र ठीक आहे. पण मला भीती वाटते रे. मी रोज सकाळी तुझ्यासमोर उजेडात उभी राहते, ते उगीच नाही. तुझ्या डोळ्यांत मी जरा जास्त दिवस राहावी म्हणून. माझा चेहरा विसरशील का?"

एक ठोका.

मी ब्रेकवर पाय ठेवला. मग माझं मलाच हसू आलं. गाडी नाही, माझं तोंड थांबवायला सांगत होता. असल्या बोलण्याने त्याला गलबलून येतं, तेव्हा तो असंच करतो.

"बरं बाबा, गप्प बसते."

दोन ठोके. मी डोळे पुसले आणि गाडी पुढे घेतली. तीस वर्षांत मी त्याच्याशी असं बोलले नव्हते, आणि बोलून टाकल्याने मला फार हलकं वाटत होतं.

५

दुसरं गेट आलं. मी थांबले. मागचं दार काही उघडलं नाही.

"इसाक, गेट."

काही नाही. झोपला असेल म्हणून मी हॉर्न दिला.

दोन ठोके.

"चल काय चल? समोर गेट आहे. उडवू का गाडी?"

दोन ठोके. लगेच, घाईघाईने.

इसाक चेष्टा करतो, पण गेटच्या बाबतीत कधीच नाही. साखर कमी झाली की तो भ्रमिष्टासारखा वागतो, तसंच काही झालं असेल. मी शेजारच्या सीटवरचा बिस्किटांचा डबा घेतला आणि मागे धावले. दाराचा खटका फिरवला. दार आतून कुणी धरून ठेवल्यासारखं क्षणभर अडलं आणि मग सुटलं.

आत कुणी नव्हतं.

गादीवर इसाकची टोपी होती, त्याची पाण्याची बाटली होती, भरलेली. कमरपट्ट्याची कडी हलत होती. आणि चादरीखाली तो खड्डा होता, डोक्यापासून शेवटच्या फळीपर्यंत. मी त्यात हात ठेवला. ऊबदार लागला. त्या उन्हात काय ऊबदार नसतं? उशीच्या वरचा छताचा गालिचा आता तळहाताएवढा झिजला होता आणि आतला पत्रा दिसत होता.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. पडला असेल वाटेत? दार तर बंद होतं. मग एकच गोष्ट उरत होती. तो पहिल्या गेटवरच होता. चाळीस अंशांच्या उन्हात, बिनटोपीचा, बिनपाण्याचा, डोळे अधू झालेला माणूस. आणि मी त्याला तिथे टाकून गप्पा मारत इथवर आले होते.

गप्पा मारत. कुणाशी, तो विचार मी केला नाही. करून चालणार नव्हतं, कारण परत जायला तीच गाडी होती.

मी गाडी वळवली. थोडं अंतर गेले असेन, मागून एक ठोका पडला.

थांब.

मी ॲक्सिलरेटर दाबला. परत एक ठोका. परत एक. मी मोठ्याने प्रार्थना म्हणायला लागले, पण शब्द चुकत होते, तर मग इसाकला शिव्या द्यायला लागले, त्या मला पाठ आहेत. ठोके पलंगावरून नव्हते येत आता. कपाटाच्या फळीवर येत होते, बरोबर माझ्या मानेमागे. कपाटातले कप जागचे हललेसुद्धा नाहीत. आम्ही सगळं फार घट्ट बसवलं होतं.

६

इसाक गेटच्या खांबाच्या सावलीत बसला होता. सावली ती केवढी, मनगटाएवढी. ओठ फुटले होते. गाडीचा आवाज ऐकून तो उठला आणि पाइपाला धरून उभा राहिला. मी त्याला मिठी मारली, पाणी पाजलं, ओला टॉवेल डोक्यावर पसरला, आणि सगळा वेळ त्याला झाडत होते.

"हाक मारता येत नव्हती?"

"मारली की. तू समोर बघून सुसाट." त्याचा आवाज कोरडा झाला होता, पण होता त्याचाच. "बाई, तू अर्धं आयुष्य बोलण्यात घालवलंस. पलीकडून उत्तर येत नाही, एवढंही कळलं नाही?"

"येत होतं उत्तर," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. टॉवेलचं पाणी त्याच्या हनुवटीवरून टपटपत होतं.

"ड्रीना, तू निघालीस तेव्हा साखळी माझ्या हातात होती. मागचं दार लागल्याचं मी ऐकलं. बाहेरून लावलं की धाडकन लागतं. ते आतून ओढलं होतं."

आम्ही दोघेही गाडीकडे तोंड करून उभे राहिलो. त्याला ती नुसता काळा ठिपका दिसत असणार. मागचं दार बंद होतं. काही वाजत नव्हतं.

जायचं कसं, हाच प्रश्न होता. चालत गेलो असतो तर इसाक पोचला नसता, हे कळायला डॉक्टर नको होता. मी त्याला पुढे माझ्या शेजारी बसवलं, टॉवेल तोंडावर ओढला आणि म्हटलं, "उतरायचं नाही. गेट मी करणार."

"स्टीअरिंग तुझ्या हातात आहे."

"नियम गेला चुलीत."

"आणि लावणार कोण?"

"कुणी नाही. उघडं टाकून जायचं."

"बेनच्या मेंढ्या—"

"जाऊ देत मेंढ्या. इसाक, मी एकदा तुला इथे टाकून गेले. परत गाडीपासून लांब तुला जाऊ देणार नाही."

"आजवर एक गेट मी उघडं टाकलेलं नाही," तो टॉवेलाखालून पुटपुटला. हट्टी माणूस. मी लक्ष दिलं नाही.

साखळी सोडायला मी गाडीकडे पाठ केली. इसाक साखळी दोन वेढे देऊन आकडा आतल्या बाजूला वळवतो, ती कुणाला पटकन सुटत नाही. मी वाकून आकडा ओढत राहिले. मागे गाडीचं दार वाजल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं, तर इसाक जागेवर होता, टॉवेल तोंडावर, मान मागे टाकलेली. मी गेट ढकललं, धावत येऊन बसले आणि गाडी पलीकडे काढली.

थांबायचं नाही असं ठरवलं होतं. पण राहवेना म्हणून बाहेरच्या आरशात पाहिलं.

धुळीत कुणीतरी गेट लावत होतं.

पुरुष होता. पाइपावरून तळवा सरकवत साखळी शोधत होता, इसाक शोधतो तसाच, अगदी तसाच. माझ्या अंगावर काटा आला आणि त्याच्याबरोबर, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. माझ्या एकदम लक्षात आलं, की त्यालाही नियम लागू आहे. शेजारी असो की मागे असो, स्टीअरिंग माझ्या हातात होतं, म्हणून गेट त्याचं. तो उतरला होता. आणि मला आता फक्त ठोक्यांची वाट न बघता निघून जायचं होतं.

मी गेले. पाय दाबता येईल तेवढा दाबला. मागून टण्ण असं काहीतरी एकदाच वाजलं. साखळी असेल. आरशात तो माणूस हात वर करून चार पावलं धावला आणि धुळीत दिसेनासा झाला. राहा आता तिथे, मी म्हटलं. राहा उन्हात.

गाडीत मागे कसलाच आवाज नव्हता. एक स्क्रू नाही, एक कप नाही.

"सुटलो रे," मी म्हटलं. "इसाक, सुटलो. ऐकलंस का?"

शेजारून डॅशबोर्डवर दोन ठोके पडले. बोदे.

७

डॉक्टरीणबाई म्हणतात, उन्हाने मेंदूला मार बसला, वाचा गेली. असं होतं म्हणतात. अंगठी बोटात नाही, त्याचं एल्रॉय म्हणतो, की उन्हात घाम सुटून बोटातून गळाली असेल, मा, त्यात काय. घरी आलो त्याच संध्याकाळी मी त्याला रडून गेटवर नेलं. गेट बंद होतं. साखळीला दोन वेढे होते आणि आकडा आतल्या बाजूला वळवलेला होता. तिथे कुणी नव्हतं. वाऱ्याने माती सारखी केली होती.

"मा, पा घरी बसलेत," एल्रॉय मला लहान मुलीसारखं समजावत होता. "मी स्वतः त्यांना सूप पाजून आलोय."

हे सगळं मला पटतं. दिवसा तर पटतंच. एक आश्चर्य म्हणजे त्याचे डोळे सुधारलेत. डॉक्टरीणबाईंनी दोनदा तपासले आणि देवाची कृपा म्हणाल्या. मी स्वयंपाक करते तेव्हा तो खुर्चीत बसून माझ्याकडे बघत असतो. मी उजेडात उभी नसले तरी बघतो. तीस वर्षं आम्हाला पुरलेली चादर हल्ली त्याच्या पायांना पुरत नाही. मी खाली ओढते, तर खांद्यावरून सरकते. शेजारणी म्हणतात, टानी ड्रीना, मावशी, आता जाऊन या समुद्राला. त्यांचं ऐकून तो टेबलावर दोनदा ठोकतो आणि सगळ्या हसतात.

गाडीतला पलंग एल्रॉयने काढून टाकला. गाडी ठेवली आहे, कारण मला दर रविवारी चर्चनंतर बेनच्या गेटवर जावं लागतं. मी सांगते, त्याला मोकळी हवा लागते. त्याला एकट्याला घरी सोडता येत नाही, म्हणून तो शेजारी बसतो, गुडघे डॅशबोर्डला टेकवून. मी गाडी गेटच्या बरीच अलीकडे उभी करते आणि पाण्याचा कॅन खांबाशी ठेवते. आधीच्या रविवारचा कॅन रिकामा असतो. बेन म्हणतो, माकडं पितात. झाकण परत घट्ट बसवणारी माकडं.

मग मी पाइपावर दोन ठोके देते आणि तारेला कान लावते. लांब लांब जाते ती तार, सगळ्या माळावरून. तिच्यात वारा असतो, मेंढ्या अंग घासतात ते असतं. हाका मारून घसा बसला माझा, म्हणून हाका मारायचं सोडलं. त्याचे डोळे गेले असतील, पण कान शाबूत आहेत, एवढ्यावरच मी येते.

परवाच्या रविवारी ऐकू आलं. फार लांबून. तारेवर अंगठी आपटल्याचा एकच ठोका, स्वच्छ.

थांब.

मी जिवाच्या आकांताने पाइपावर ठोकायला हात उचलला. तेवढ्यात मागे गाडीत दोन ठोके पडले. मी मान वळवली नाही. दार उघडलं, पावलं मातीवर सावकाश वाजत जवळ आली, आणि माझ्या खांद्यावरून अंगठी नसलेला एक हात पुढे येऊन साखळी सोडू लागला. स्टीअरिंग माझ्याकडे होतं, त्यामुळे गेट त्याचंच होतं.